उसाच्या बिलाचा अंदाज बांधताना या चुका टाळा

गाळप सुरू झालं की बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत एकच विषय असतो, यंदा बिल किती? आकडा पारावर ठरतो आणि घरचा सगळा बेत त्यावर रचला जातो. बिल कमी आलं की राग कारखान्यावर निघतो. कधी तो रास्त असतो, पण पुष्कळदा आकडा धरतानाच चुकलेलं असतं.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, हीच हातात पडणारी रक्कम. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५०, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण). उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढतात, घटला की तेवढेच घटतात. साडेनऊच्या खाली उतारा गेला तरी ३२९.०५ मिळायलाच हवेत. आणि हा दर कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाचा. तोडणी-ओढणी त्यातूनच जाते. दोन एकरांत ७० टन काढलेला माणूस २,४८,५०० धरून बसतो. तोडणी-ओढणी टनाला ८५० पडली तर ५९,५०० तिथेच गेले, राहिले १,८९,०००. सोसायटीचं ९०,००० चं कर्ज बिलातून कापलं की खात्यावर ९९,०००. तोवर पोरीच्या लग्नाच्या हॉलला बयाणा देऊन झालेला असतो, मग सावकाराचं दार. म्हणून घरात सांगायचा आकडा सगळ्या कपाती धरूनच काढा, आणि तो लावणीच्या वेळीच वहीत लिहा. तोड आल्यावर घाईत केलेला हिशेब नेहमी मनासारखाच येतो.

मागणीचा आकडा दर म्हणून धरू नका. २०२५ च्या नोव्हेंबरात जिल्ह्यातल्याच गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी तोडणी-ओढणी वगळून टनाला ३५०० मागत बसले होते. सरकारने जाहीर केले ३३००. आंदोलन हवंच, पण त्याच्या जोरावर ट्रॅक्टरचा हप्ता ठरवू नये.

‘पलीकडचा कारखाना जास्त देतो’ हेही उतारा विचारल्याशिवाय बोलू नये. २०२५-२६ च्या दराने ११ टक्के उताऱ्याला एफआरपीच टनाला ३८०९.५० होते. तुलना करायची तर दोन्हीकडचा उतारा आणि तोडणी-ओढणी समोर ठेवून करा.

दुसरी मोठी चूक सहीची. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशिराला वर्षाला १५ टक्के व्याज. पण त्याच कलमात ‘लेखी करार वेगळा नसेल तर’ अशी अट आहे. नोंदीच्या वेळी चिटबॉय, म्हणजे ऊस नोंदवणारा कारखान्याचा माणूस, कन्नड छापील कागद पुढे करतो आणि आपण ‘टाका सही’ म्हणत मोकळे होतो. त्यात हप्त्यांनी पैसे घेण्याची कबुली असेल तर १४ दिवसांचा हक्क आपणच सोडलेला असतो. कन्नड वाचणाऱ्या पोराला घेऊन बसा, कागदाचा फोटो काढा, कोऱ्या जागी सही नको.

पैसे थकले तर नुसत्या चकरा मारू नका. पंधराव्या दिवशी कारखान्यात अर्ज द्या, त्यावर पोच घ्या. वजनाच्या पावत्या जोडा आणि व्याजाचा आकडा मांडा: १,८९,००० वर ६० दिवसांचे साधारण ४,६६० होतात. कारखाना कर्नाटकातला असेल तर अर्जाची प्रत कन्नडमध्ये लिहून बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि राज्याच्या साखर संचालकांना. ऊस महाराष्ट्रात घातला असेल तर पुण्याच्या साखर आयुक्तांना. भलत्या राज्यात अर्ज देऊन महिने घालवणारे दर हंगामात भेटतात. थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करता येते, पण तारखा आणि पावत्या असतील तरच अर्जाला जोर येतो.

लवकर तोड मिळावी म्हणून उभ्या उसाला काडी लावू नका. वजनही घटतं, कपातही होते.

पासबुकावरचं नाव आणि कारखान्याच्या नोंदीतलं नाव हंगामाआधी जुळवून घ्या.

बिल लांबलं तर आधी घरात बसून सांगा, मग सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जा, तेही मुदत संपण्याआधी. कर्नाटकात सहकारी संस्थेचं पाच लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी आहे, मात्र मुदतीत फेडलं तरच. हाताशी जे काही असेल त्यातलं पहिलं तिथे भरा, हॉलवाल्याला थोपवता येतं.