होळी ते पाडवा: गोठ्यातल्या या चुका टाळा

मंगळवेढा-सांगोल्याकडं होळीच्या सुमारास मालदांडी ज्वारीची काढणी उरकत येते. दोन गाई, एखादी म्हैस आणि चार-सहा शेळ्यांवर चालणाऱ्या घरात नेमका तेव्हाच घातक काळ सुरू होतो. पावसाळ्यात रोगराईच्या भीतीनं सगळे सावध असतात. फाल्गुन-चैत्रात मात्र रान मोकळं, कडबा नवा, ऊन अजून सोसण्याजोगं, त्यामुळं लक्ष ढिलं पडतं. दरवर्षी त्याच चुका आणि त्यापायी मेलेली तीच जनावरं बघून जीव जळतो, म्हणून हे लिहितोय.

धसकटाच्या फुटव्यावर जनावर सोडणं

ज्वारी काढल्यावर रानात धसकटं उरतात. अवकाळीची एखादी सर आली किंवा शेजारच्या उसाचं पाणी पाझरलं, की त्यांना हिरवेगार कोंब फुटतात. सगळं रान वाळलेलं असताना हा हिरवा तुकडा बघून जनावर सोडायचा मोह होतोच, आणि तिथंच किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागते. कोवळ्या ज्वारीतल्या एका द्रव्यातून जनावराच्या पोटात सायनाइडचं विष सुटतं. पाण्याचा ताण बसून पुन्हा फुटलेल्या ताटात ते जास्त असतं. रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही, म्हणून अशा जनावराचं रक्त लालभडक दिसतं.

आमच्या भावकीत एक तरुण नोकरी सोडून गुरं करायला आला. मार्चमधल्या पावसानंतर धसकटं फुटली, तेव्हा त्याच्या आजीनं दारातूनच हटकलं, "आरं, किराळ लागंल, नगं सोडू." पोरानं मोबाईलवर बघितलं होतं की ज्वारी उत्तम हिरवा चारा आहे. आहेच, पण फुलोऱ्यात आल्यावर कापली तर. त्यानं सकाळी उपाशीपोटीच एक खिलार गाय आणि कालवड त्या रानात सोडली. हाक आल्यावर मी पळत गेलो, तोवर कालवड आडवी पडून पाय झाडत होती, तोंडाला फेस होता. गाय झोकांड्या देत धापा टाकत होती. चौघं जण तिचं तोंड वर धरून गुळाचं पाणी पाजायला लागले होते. ते आधी थांबवलं, कारण धापा टाकणाऱ्या जनावराला जबरदस्तीनं पाजलं की पाणी फुफ्फुसात जातं. डॉक्टरांनी शिरेतून सोडियम थायोसल्फेट दिलं आणि गाय वाचली. कालवड त्यांच्या येण्याआधीच गेली होती. ती त्या घरचीच पैदास होती, पुढच्या वर्षी गाभण राहायची.

दोन पेंढ्या कडबा वाचवायला गेलेल्या माणसाची कालवड जाते, हे मी एकदाच बघितलेलं नाही. माझी रीत अशी: कडबा बांधावर आला की लगेच नांगरट. धसकटं वेचून चुलीला. नांगर लांबणार असेल तर त्या रानाला काटेरी फांद्यांचं कुंपण. वाळका कडबा खाल्ल्याशिवाय सकाळी एकाही जनावराचं दावं सुटत नाही. आणि पशुवैद्यकीय मदतीचा 1962 हा नंबर गोठ्याच्या दारावर ऑइल पेंटनं लिहिलाय, कारण अशा वेळी मोबाईलमध्ये नाव शोधायला हात चालत नाहीत.

वार पडेपर्यंत चीक अडवणं

वार म्हणजे व्याल्यावर पडणारा जार, चीक म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, ही समजूत अजून घरोघरी आहे, शिकलेल्या घरांतही. म्हैस व्यायली की रेडकाला बाजूला बांधतात, "वार पडू दे, मग पाजू." वासरू किंवा करडू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद जवळजवळ नसते. ती चिकातून मिळते. ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते आणि साधारण दिवसाभरात संपते. वार पडायला रात्र लागली, तर तेवढी रात्र पिलाच्या आयुष्यातून गेली. महिन्याभरानं ते हगवणीनं मरतं आणि लोक म्हणतात, दृष्ट लागली.

उलट पिलू आचळाला लागलं की गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार सुटायला मदतच होते. म्हणून पहिला चीक तासाभरात, आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, दोन-तीन वेळांत विभागून. दोन किलोच्या करडाला 200 मिली म्हणजे फार नव्हे. आई मेली किंवा चीकच आला नाही, अशा वेळेसाठी मी एक बाटली फ्रीजरमध्ये ठेवतो आणि कोमट पाण्यात ठेवून वितळवतो. उकळू नका, उकळला की त्यातली ताकद गेली. खरवस मलाही आवडतो, पण पिलू पोटभर प्यायल्यावर जे उरेल त्याचाच.

लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा चप्पल बांधू नका, ओढू तर मुळीच नका. गाय-म्हशीची वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा.

बाकीच्या, थोडक्यात

नाळेला राख-शेण लावू नका. दोन-तीन बोटं सोडून दोऱ्यानं बांधा, स्वच्छ पात्यानं कापा, टिंक्चर आयोडीन लावा.

कडब्यावरून एकदम ओल्या लसूणघासावर आणलं की जनावराची डावी कूस फुगते. बदल आठवडाभर हळूहळू करा.

शेळ्या खळ्यात घुसून धान्यावर तुटून पडल्या तर "खाऊ दे, अंगाला लागंल" म्हणू नका. पोटात आम्ल होऊन शेळी मरते.

गोचिडासाठी औषध दुप्पट तीव्र करून काही होत नाही. गोचिडाचं बरंच आयुष्य भिंतीच्या भेगांत जातं. भेगा लिंपा, चुना द्या. फवारण्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजा आणि अंग वाळेपर्यंत चाटू देऊ नका.

म्हैस उन्हाळ्यात मुका माज दाखवते, म्हणजे माजाची लक्षणं ठळक दिसत नाहीत. दुपारी बघून "माजावर येत नाही" म्हणणाऱ्यांनी पहाटे आणि रात्री गोठ्यात जावं.

सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून आणलेलं जनावर त्याच संध्याकाळी आपल्या दावणीला बांधू नका. तीन आठवडे वेगळं बांधा, त्याची बादलीही वेगळी ठेवा. नव्या लोकांना एवढा धीर धरवत नाही आणि लाळ्या-खुरकूत सगळ्या गोठ्यात फिरते. लस टोचली की दोन दिवस दूध कमी होतं म्हणून ती चुकवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. 2022 मध्ये लम्पीनं रिकामे केलेले गोठे त्यांनी बघितलेत. शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या आणि कोंबडीच्या नव्या पिलांना मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिल्याच आठवड्यात द्या.