अपडेट दाबण्याआधी: गाण्यांचा साठा नव्या प्लेअरवर आणि नव्या आवृत्तीत नेताना

नवा प्लेअर किंवा लायब्ररी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की पहिल्या काही दिवसांत त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. गाणी दोनदा दिसतात, रेटिंग पुसली गेली, एका अल्बमचे दहा तुकडे झाले, प्लेलिस्ट रिकाम्या झाल्या. बहुतेक वेळा कारण एकच असतं: आपण वर्षानुवर्षं भरलेली माहिती गाण्याच्या फाइलमध्ये नसतेच, ती सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असते. आवृत्ती बदलली की डेटाबेसचा साचा बदलतो आणि प्लेअर बदलला की तो डेटाबेस सोबत येतच नाही. त्यामुळे जे जपायचं आहे ते आधी फाइलमध्ये उतरवायचं, आणि अपडेट त्यानंतर. हा क्रम उलटा झाला तर पुढची निस्तरणी फार वेळ खाते.

डेटाबेसमधलं फाइलमध्ये

गाण्याचं नाव, गायक, अल्बम, ट्रॅक क्रमांक हे टॅगमध्ये म्हणजे फाइलमध्येच लिहिलेलं असतं. रेटिंग, किती वेळा ऐकलं, साठ्यात कधी घातलं, ही माहिती मात्र प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने ठेवतं. ॲपलचं आयट्यून्स ती फक्त लायब्ररीच्या फाइलमध्ये ठेवतं, टॅगमध्ये लिहीत नाही. म्युझिकबी आणि मीडियामंकी ही लायब्ररी सॉफ्टवेअर रेटिंग टॅगमध्ये लिहू शकतात, पण तो पर्याय चालू आहे ना हे सेटिंगमध्ये जाऊन स्वतः पाहा. फूबार२००० या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅक स्टॅटिस्टिक्स हा जोडभाग वापरत असाल तर सगळी गाणी निवडून उजवी क्लिक करा. आकडेवारी टॅगमध्ये लिहिण्याचा आदेश त्याच मेनूत आहे.

आयट्यून्समधून बाहेर पडायचं असेल तर फाइल मेनूतल्या लायब्ररी विभागातून एक्स्पोर्ट लायब्ररी निवडून एक्सएमएल फाइल काढून ठेवा. त्यात रेटिंग आणि ऐकल्याचे आकडे असतात, आणि म्युझिकबी व मीडियामंकी दोन्ही आयट्यून्समधली माहिती आयात करू शकतात. फक्त एक अट: गाण्यांच्या फाइल जिथे होत्या तिथेच असायला हव्यात. आधी फोल्डर हलवलेत आणि मग आयात केलीत तर एक्सएमएलमधले पत्ते जुळत नाहीत आणि आकडे हवेत राहतात.

बॅकअप घेताना सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. खिडकी मिटवली तरी काही प्रोग्राम मागे चालूच राहतात, आणि चालू डेटाबेसची नक्कल अर्धवट निघू शकते. गाण्यांचा फोल्डर आणि लायब्ररीचा फोल्डर, दोन्हींची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्या. नंतर दोन्हीकडची फाइलसंख्या आणि एकूण आकार ताडून बघा, आणि नक्कल केलेली चार-पाच गाणी प्रत्यक्ष वाजवा. न वाजवलेला बॅकअप भरवशाचा नसतो.

नवी आवृत्ती बसवताना

आयट्यून्स नव्या आवृत्तीत पहिल्यांदा उघडलं की जुनी लायब्ररी नव्या साच्यात बदलतं. जुन्या आवृत्तीकडे परत गेलात तर ‘ही फाइल नव्या आवृत्तीत बनवलेली आहे, वाचता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. त्यावर उपाय आहे. आयट्यून्सच्या फोल्डरमध्ये ‘प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात तारखेसह जुन्या लायब्ररी असतात. सध्याच्या लायब्ररी फाइलचं नाव बदलून ती बाजूला ठेवा. जुन्यांपैकी सर्वांत अलीकडची बाहेर काढा आणि तिला मूळ नाव द्या. त्या तारखेनंतर घातलेली गाणी मात्र पुन्हा घालावी लागतील.

त्याहून चांगलं म्हणजे जुनी लायब्ररी लगेच नव्या आवृत्तीच्या हाती द्यायचीच नाही. अपडेटनंतर पहिल्यांदा उघडताना विंडोजवर शिफ्ट, मॅकवर ऑप्शन दाबून धरा. कोणती लायब्ररी उघडू, असं विचारलं जाईल. तिथे नवी, रिकामी लायब्ररी बनवा. तिच्यात साधारण पन्नास गाणी घाला, पण निवडून: एक दोन-सीडींचा अल्बम, एक अनेक गायकांचा संग्रह, देवनागरी नावांची काही गाणी, वेगवेगळ्या फॉरमॅटच्या दोन-दोन फाइल. हे सगळं नीट दिसलं आणि वाजलं की मगच खरी लायब्ररी उघडा. त्याआधी या चाचणी लायब्ररीतच ॲडव्हान्स्ड सेटिंगमधलं ‘मीडिया फोल्डर नीटनेटका ठेवा’ आणि ‘साठ्यात घालताना नक्कल करा’ हे दोन्ही पर्याय एकदा पाहून घ्या. नकळत चालू राहिलेला पहिला पर्याय तुमची फोल्डररचना मोडतो, दुसरा प्रत्येक गाण्याची दुसरी प्रत बनवतो.

फूबार२००० ची इन्स्टॉलर फाइल पोर्टेबल पद्धतीने बसवण्याचा पर्याय देते. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये पोर्टेबल म्हणून बसवली की जुनीला धक्का लागत नाही आणि दोन्ही शेजारी चालवून बघता येतात. २०२३ मधल्या २.० आवृत्तीपासून ६४ बिटची निवड मिळते, पण ३२ बिटचे जोडभाग तिच्यात चालत नाहीत. तुमचे सगळे जोडभाग ६४ बिटमध्ये मिळतात का, हे आधी तपासा. एकही अडत असेल तर ३२ बिटवरच राहा. आवाजात काहीही फरक पडत नाही.

हरवलं आहे की लपलं आहे?

नव्या आवृत्तीवर रागावण्याआधी हा प्रश्न विचारावा. २०१२ साली आयट्यून्स ११ आलं तेव्हा डावीकडची पट्टी गेली म्हणून मोठा गदारोळ झाला. ती काढलेली नव्हती, लपवलेली होती. व्ह्यू मेनूत एका क्लिकवर परत येत होती. २०१४ च्या १२ व्या आवृत्तीत मात्र ती खरंच गेली आणि २०१६ मध्ये १२.४ मध्ये परतली. २०१७ च्या १२.७ मधून ॲप स्टोअर काढलं गेलं. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनात आयट्यून्सचेच भाग पडले, गाणी म्युझिक ॲपमध्ये गेली, आणि आयपॉड-आयफोन जोडून गाणी भरण्याचं काम फाइंडरकडे, म्हणजे मॅकच्या फाइल बघण्याच्या ॲपकडे गेलं. म्युझिक ॲपमध्ये ते बटण शोधत बसण्यात अर्थ नाही: फाइंडर उघडा, डावीकडच्या पट्टीत उपकरणाचं नाव निवडा. विंडोजवर ॲपल म्युझिक बसवलंत की आयट्यून्सकडे फक्त पॉडकास्ट आणि ऑडिओबुक उरतात, आणि उपकरणात गाणी भरायला ॲपल डिव्हायसेस हे वेगळं ॲप लागतं. हे ठाऊक नसल्याने अनेकांना लायब्ररीच उडाल्यासारखं वाटतं.

गाण्यापुढे उद्गारचिन्ह दिसणं हाही बहुधा पत्त्याचाच घोळ असतो. बाह्य डिस्कचं अक्षर बदललं, म्हणजे कालची ‘ई’ आज ‘एफ’ झाली, की सगळी गाणी सापडेनाशी होतात. इथे गाणी पुन्हा घालू नका! पुन्हा घातली की प्रत्येकाची नवी नोंद होते, ऐकल्याचा आकडा शून्यावर येतो आणि जुनी मेलेली नोंदही तशीच राहते. दोनदा दिसणाऱ्या गाण्यांचं हे सर्वांत सामान्य कारण आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला जुनं अक्षर परत द्या आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.

टॅग: अल्बम का फुटतो

नवा प्लेअर अल्बम कसे गोळा करतो हे प्रामुख्याने ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यावर ठरतं. गायकाच्या रकान्यात एका गाण्यात एक नाव, दुसऱ्यात दोन नावं असतील आणि अल्बम आर्टिस्ट रिकामा असेल, तर प्लेअर त्यांना वेगळे अल्बम समजतो. एमपी३टॅग या टॅग बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खा अल्बम निवडा, अल्बम आर्टिस्टमध्ये सगळीकडे एकच मजकूर भरा. अनेक गायकांच्या संग्रहासाठीही एकच ठरलेला शब्द वापरा आणि तो कधी बदलू नका. मोकळी जागा, टिंब, ऱ्हस्व-दीर्घ, सगळं तंतोतंत सारखं हवं. दोन सीडींच्या अल्बमला डिस्क क्रमांक भरला नाही तर पहिल्या सीडीचं पहिलं गाणं, मग दुसऱ्या सीडीचं पहिलं, असा खेळ होतो.

जुन्या आणि स्वस्त प्लेअरना आयडी३ ची, म्हणजे एमपी३ मधल्या टॅगच्या साच्याची, २.४ आवृत्ती नीट वाचता येत नाही. एमपी३टॅगच्या पर्यायांत टॅग, त्यात एमपेग, तिथे आयडी३ व्ही२.३ आणि यूटीएफ-१६ निवडा आणि फाइल पुन्हा सेव्ह करा. देवनागरी नावांऐवजी विचित्र अक्षरं आली तर दोष एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचा आहे आणि तो याने जातो. चौकोन आले तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. अक्षरं येतात पण वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरं सुटी दिसतात, तर फॉन्ट आहे पण अक्षरं जुळवणारी यंत्रणा नाही. शेवटचे दोन दोष टॅग बदलून जाणार नाहीत. फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, सुधारेपर्यंत प्लेअरवरच्या प्रतींना रोमन नावं द्यावी लागतात. मूळ साठा तसाच राहू द्या.

मुखपृष्ठ संगणकावर दिसतं पण प्लेअरवर नाही, तर चित्र बहुधा प्रोग्रेसिव्ह (टप्प्याटप्प्याने स्पष्ट होणारं) जेपेग असतं. बेसलाइन जेपेग, ५०० बाय ५०० पिक्सेल, फाइलच्या आत बसवलेलं; एवढं केलंत की जवळजवळ सगळीकडे चालतं. प्रत्येक फाइलमध्ये दोन-तीन एमबीचं चित्र कोंबू नका, गाणं सुरू व्हायलाच वेळ लागतो.

कार्ड आणि भरणी

प्लेअरसाठी नवं मेमरी कार्ड आल्याआल्या त्याची क्षमता तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३ ही साधनं कार्ड पूर्ण भरून परत वाचतात. खोट्या क्षमतेची कार्डं सुरुवातीला व्यवस्थित चालतात आणि खरी जागा संपली की पुढच्या फाइल खराब लिहितात; मग दोष प्लेअरला दिला जातो. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये (फाइल मांडून ठेवण्याच्या पद्धतीत) येतात. प्लेअरला एक्सफॅट कळत नसेल तर फॅट३२ लागतं, पण विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट पर्याय मोठ्या कार्डाला ते देत नाही, त्यासाठी वेगळं साधन घ्यावं लागतं.

जागेचा हिशेब सोपा आहे. ३२० केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला २.४ एमबी, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक (दर्जा न घटवता आकुंचित केलेली फाइल) त्याच गाण्याला साधारण ३० एमबी घेतं. ६४ जीबीत पहिल्या प्रकारची सुमारे पाच हजार गाणी मावतात, दुसऱ्या प्रकारची दोन हजार.

प्लेअर जोडला आणि नुसता चार्ज होतो, तर आधी केबल बदला. काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. मग प्लेअरची यूएसबी सेटिंग बघा. एमटीपीऐवजी मास स्टोरेज (प्लेअर साध्या पेनड्राइव्हसारखा दिसतो) मिळत असेल तर तेच घ्या, कारण मॅकला एमटीपी आपणहून कळत नाही आणि विंडोजवरही ते मध्येच अडखळतं. मोठी भरणी असेल तर कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालणं सर्वांत जलद.

मॅकवरून भरलेल्या कार्डावर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या लपलेल्या फाइल तयार होतात. प्लेअर त्यांना गाणी समजतो आणि यादीत न वाजणाऱ्या नोंदी येतात. विंडोज किंवा लिनक्सवर लपलेल्या फाइल दाखवून त्या शोधा आणि पुसा. गाण्याच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम असेल तर फाइलच्या नावात तो नको, फॅट आणि एक्सफॅट दोन्हींना चालत नाही. टॅगमध्ये राहिला तर हरकत नाही. फाइलनावात ट्रॅक क्रमांक दोन अंकी ठेवा, नाहीतर १ नंतर १० येतो. पडदा नसलेले साधे प्लेअर तर नाव न बघता फाइल ज्या क्रमाने लिहिली त्या क्रमाने वाजवतात; त्यांच्यासाठी एकेक अल्बम क्रमाने कॉपी करा किंवा फॅटसॉर्ट हे क्रम लावणारं साधन वापरा.

फोल्डर जुळवणारं साधन दरवेळी सगळी गाणी नव्याने कॉपी करतं? फॅट फाइलची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात नोंदवतं, म्हणून तुलना चुकते. साधनात दोन सेकंदांची सूट द्या.

प्लेलिस्ट एम३यू८ या फॉरमॅटमध्ये काढा आणि पत्ते सापेक्ष, म्हणजे प्लेलिस्टची फाइल जिथे आहे तिथपासूनचे ठेवा. ‘सी’ ड्राइव्हपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता प्लेअरवर निरर्थक आहे आणि रिकाम्या प्लेलिस्टचं कारण बहुतेकदा तेच असतं.

फर्मवेअर

मॉडेलचं नाव सारखं असलं तरी आतली आवृत्ती वेगळी असू शकते. सेटिंगमधल्या माहितीच्या पानावर बघा आणि नेमकी तीच फाइल घ्या. बॅटरी निम्म्याहून जास्त हवी. झिप असेल तर उघडायची की तशीच ठेवायची हे निर्मात्याच्या सूचनेत असतं, ते वाचा. फाइल कार्डाच्या मुळात ठेवा, फोल्डरमध्ये नाही. कार्ड सुरक्षित पद्धतीने बाहेर काढून प्लेअरमध्ये घाला, मगच अपडेट सुरू करा आणि प्लेअर आपणहून पुन्हा सुरू होईपर्यंत कोणतंही बटण दाबू नका. नंतर जुन्या सेटिंगची टिपण करून फॅक्टरी रीसेट करा आणि लायब्ररी नव्याने स्कॅन करा. जुना डेटाबेस नव्या फर्मवेअरखाली राहिला की अडकणं, बंद पडणं सुरू होतं.

स्कॅन एकाच ठिकाणी थबकत असेल तर जवळजवळ नक्की एखादी खराब फाइल आहे. अर्धे फोल्डर काढून स्कॅन करा. थबकलं तर खराब फाइल उरलेल्यांत आहे, नाहीतर काढलेल्यांत. असं निम्मंनिम्मं करत गेलात तर दोनशे फोल्डरमधून दोषी फोल्डर सात-आठ फेऱ्यांत सापडतो. फाइल सापडली की पुसू नका. निर्मात्याला दोष कळवताना तीच सोबत जोडा, आणि फर्मवेअरचा आवृत्ती क्रमांक, कार्डाचा आकार, त्याची फाइल सिस्टिम, एकूण गाण्यांची संख्या आणि नेमक्या कोणत्या पायरीवर काय झालं हे लिहा. ‘नवं अपडेट बेकार आहे’ यावर कोणालाच काम करता येत नाही, या पाच गोष्टींवर करता येतं.