अडुळसा: कलमापासून अवलेहापर्यंत

खोकल्याला अडुळसा चालतो हे घरोघरी माहीत असतं. अडतं ते रस काढताना. हिरवीगार पानं कितीही वाटली तरी चोथाच हाती येतो. त्याचा उपाय पुढे येईलच, आधी झुडूप.

नागपुरात कलमं लावावीत जूनअखेर ते जुलैत, पाऊस नीट लागल्यावर. पेन्सिलीएवढी जाड, अर्धवट पिकलेली फांदी घ्या. कोवळा शेंडा कुजतो आणि जुनं लाकूड मुळं धरायला फार वेळ लावतं. 15 ते 20 सेंमीचे, तीन-चार पेरांचे तुकडे करा, खालचा काप पेराच्या लगेच खाली द्या. वरची दोन पानं अर्धी छाटून ठेवा, बाकीची काढा. दोन पेरं मातीत गेली पाहिजेत, कारण मुळं तिथूनच फुटतात. पोळ्याच्या सुमारास रोपं जमिनीत लावण्याजोगी होतात.

आपल्याकडची काळी भारी माती हीच खरी अडचण. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचतं आणि मुळं सडतात. म्हणून खड्ड्यात न लावता वीतभर उंच वरंब्यावर लावा, मातीत मुरूम आणि शेणखत मिसळा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी पानं लोंबली तर घाबरून पाणी ओतू नका. संध्याकाळी ती सावरतात. सकाळीही मान टाकलेली दिसली तरच भरपूर पाणी द्या. बुडाशी पालापाचोळ्याचा थर हवाच. कुंपणासाठी दोन रोपांत 60 सेंमी अंतर पुरे. शेळ्या याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांच्या धुऱ्यावर (बांधावर) हे झाड अगदी सोयीचं.

आता रस. पूर्ण वाढलेली, गडद हिरवी पानं तोडा, पिवळी पडलेली नकोत. धुऊन कोरडी पुसा आणि इडलीपात्रात आठ-दहा मिनिटं वाफवा. पानं मऊ पडून रंग काळपट झाला की निववून ठेचा आणि सुती कापडातून पिळा. पाणी घालायचं नाही. जुन्या पद्धतीत पानांचा गोळा वडाच्या किंवा जांभळाच्या पानांत गुंडाळून, वर माती लिंपून निखाऱ्यात भाजतात. त्याला पुटपाक म्हणतात. वाफेनं तेच काम कमी कटकटीत होतं. मोठ्या माणसाला 10 मिली रस, तेवढाच मध घालून, दिवसातून दोनदा. जास्त घेतला तर मळमळतं, उलटीही होते.

टिकवायचं असेल तर अवलेह, म्हणजे घट्ट चाटण, करा. 200 मिली रसाला 100 ग्रॅम खडीसाखर, 25 ग्रॅम साजूक तूप, 25 ग्रॅम पिंपळीचं चूर्ण आणि 100 ग्रॅम मध. रस आणि साखर जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर आटवा. थेंब थंड पाण्यात टाकल्यावर न पसरता तळाशी बसला की तूप आणि पिंपळी घालून घोटा आणि उतरवा. मध मात्र पूर्ण थंड झाल्यावरच. पाक कच्चा राहिला तर आठवड्यात बुरशी येते, जास्त झाला तर साखर दगडासारखी बसते आणि चमचा शिरत नाही. काचेच्या बरणीत भरा, कोरडा चमचा वापरा. सकाळ-संध्याकाळ एक छोटा चमचा पुरतो. मधुमेह असेल तर अवलेह नको. मधामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला तर कधीच नाही.

पानांतल्या व्हॅसिसीन या घटकामुळे गर्भाशयाचं आकुंचन होऊ शकतं, म्हणून गरोदरपणात अडुळसा पूर्ण वर्ज्य. (कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध याच घटकावरून तयार झालं आहे, तेव्हा याला निव्वळ पालापाचोळा समजू नये.) खोकला दोन आठवड्यांपुढे गेला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर घरी काही घोटत बसू नका, सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकी मोफत तपासतात.

सुकवायची पानं सावलीत, एकेरी थरात पसरा. उन्हात ती करपट होतात. बाजारातून सुकी घ्यायची वेळ आलीच तर चूर्ण घेऊ नका, अख्खी पानं मागा. अडुळशाच्या नावाखाली महारुखाची पानं येतात आणि चूर्णात ती ओळखू येत नाहीत. अडुळशाच्या पानाची कडा सलग असते, महारुखाच्या पर्णिकेला (एका देठावरच्या अनेक छोट्या पानांपैकी एकीला) दाते असतात आणि तिचं बूड एका बाजूला झुकलेलं असतं.