क्राउन (दातावरची टोपी) सुटू नये म्हणून सिमेंटने चिकटवण्याआधी काय करायचं

आधी बघा हातात काय आहे, लिथियम डायसिलिकेट (काच असलेलं सिरॅमिक) की झिरकोनिया (काच नसलेलं सिरॅमिक), कारण इथंच बरेच जण चुकतात. डायसिलिकेटला आतून ५% हायड्रोफ्लोरिक ॲसिड २० सेकंद, नीट धुवा, सुकवा, मग सायलेन (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारं रसायन) ६० सेकंद. ग्लोव्हज, चष्मा हवाच, हे ॲसिड हाडापर्यंत जातं!

झिरकोनियात काचच नाही, त्यामुळे हे एचिंग (ॲसिडने पृष्ठभाग खडबडीत करणं) तिथं वाया, त्याला ५० मायक्रॉन ॲल्युमिनाने कमी प्रेशरवर सँडब्लास्ट करा (म्हणजे बारीक कणांचा मारा) आणि एमडीपी (झिरकोनियाला चिकटणारं फॉस्फेटवालं रसायन) असलेला प्रायमर लावा. तोंडात बसवून बघताना क्राउनला आतून लाळ लागली तर फॉस्फोरिक ॲसिडने साफ करू नका प्लीज, त्यातला फॉस्फेट एमडीपीची जागा अडवतो.

आणि पहिल्या दिवसाच्या पकडीवर जाऊ नका, तोंडातलं पाणी आणि गरम-थंड चहा-आइस्क्रीम सायलेनचा बाँड हळूहळू तोडतात, म्हणूनच लॅबमध्ये ५ ते ५५ अंशांत हजारो वेळा बुडवून मग ताकद मोजतात.