तेरीज जुळली, तरी हिशेब चुकलेलाच: या चुका टाळा

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा (डेबिट-क्रेडिट) बाकींची यादी, जुळत नसेल तर घाबरू नका, ती चूक सापडते. फरकाला ९ ने पूर्ण भाग जातोय? मग बहुधा आकडे उलटे पडलेत. ५४० चे ४५० झाले की फरक येतो ९०. फरकाच्या बरोबर निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत दिसली, तर ती नावेऐवजी जमेला गेली का ते पाहा, किंवा उलट. डोकेदुखी आहे ती तेरीज निमूटपणे जुळवून देणाऱ्या चुकांची.

दुकानाच्या खात्यातून मुलाची १५,००० रुपये शाळेची फी भरली आणि 'किरकोळ खर्च' लिहून मोकळे झालात. दोन्ही बाजू जुळल्या, पण नफा तेवढाच खोटा घटला. एकट्याच्या मालकीचा धंदा कायद्याच्या नजरेत मालकाहून वेगळा नसतो. वहीत मात्र तो वेगळाच. म्हणून ही रक्कम उचल खात्याला (मालकाने स्वतःसाठी काढलेले पैसे) नावे. घरून धंद्यात घातलेले पैसे भांडवलाला जमा, विक्रीला नव्हे. गिऱ्हाइकाने दिलेला ॲडव्हान्सही माल हातात पडेपर्यंत देणंच.

कसरीने, म्हणजे दर्शनी किमतीहून (मुदतीला परत द्यायच्या रकमेहून) कमी भावात, काढलेल्या रोख्यांत (बाँडमध्ये) रक्कम चुकीच्या खात्यात टाकण्याची हीच गफलत मोठ्या रकमेची होते. समजा, १,००,००० दर्शनी किमतीचा, ३ वर्षांचा, वर्षाला ८ टक्के व्याजाचा रोखा आहे आणि बाजारात १० टक्के मिळताहेत. कमी व्याजाचा रोखा पूर्ण किमतीला कोण घेईल? तो ९५,०२६ ला जातो. रोखा तुम्ही काढला असेल, तर राहिलेले ४,९७४ पहिल्याच दिवशी तोटा म्हणून लिहू नका. ते व्याजच आहे, फक्त शेवटी द्यायचं.

पहिल्या वर्षाचं खरं व्याज ९५,०२६ वर १० टक्के, म्हणजे ९,५०३. रोख दिले ८,०००. उरलेले १,५०३ कसर खात्यातून व्याजखर्चात न्यायचे. रोख्याची पुस्तकी (वहीत दिसणारी) किंमत होते ९६,५२९. पुढच्या वर्षी कसरीतून १,६५३, मग १,८१८. तिन्ही वर्षं समान हप्ता टाकण्याचा मोह होतो, सोपं पडतं म्हणून. पण कर्जाची पुस्तकी किंमत वाढत असताना व्याज तेवढंच कसं राहील?

रोखा घेणाऱ्याच्या वहीत उलटी चूक दिसते. ९१ दिवसांचं, १,००,००० चं ट्रेझरी बिल (सरकारचा अल्पमुदतीचा रोखा) ९८,१८० ला घेतलं आणि मालमत्तेत १,००,००० लिहून १,८२० लगेच उत्पन्नात टाकले! नोंद ९८,१८० चीच. ३१ मार्चपर्यंत ४५ दिवस झाले असतील तर दिवसाला २० रुपयांप्रमाणे ९०० या वर्षाचे, ९२० पुढच्या.

शंका आली तर मुदतीच्या दिवशीची पुस्तकी किंमत काढा. ती दर्शनी किमतीवर येऊन थांबली नाही, तर मधल्या कुठल्यातरी वर्षाची नोंद पुन्हा उघडा. एखाद-दुसऱ्या रुपयाचा फरक आकडे पूर्णांकात लिहिल्यामुळे असतो, तो शेवटच्या वर्षात मिटवा.