मंगा वाचायला घेताय? पुस्तकासारखा नको, साप्ताहिकासारखा वाचा

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भाची नाशिकला आमच्याकडे राहायला आली होती, ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून बघून बघून वेडी झालेली, म्हणून कॉलेज रोडवरून तिला एका मंगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, पहिला खंड घेऊन दिला. दहाच मिनिटांत परत घेऊन आली, म्हणे मामा, ह्यांनी शेवट आधी छापलाय. तिने पुस्तक आपल्या नेहमीच्या बाजूने उघडलं होतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं ना, मग कळणार कसं. त्या दिवशी तिला जे समजावलं तेच इथे लिहितोय.

आपलं मागचं कव्हर म्हणजे मंगाचं पुढचं. पानं उजवीकडून डावीकडे, चौकटी पण तशाच, एका चौकटीतले बोलण्याचे फुगे पण तसेच. समोर दोन पानं उघडी असली की आधी उजवं वाचायचं मग डावं, आणि डाव्या पानाच्या खाली डाव्या कोपऱ्यात जी शेवटची चौकट असते ना, तिथे क्षणभर थांबा. चित्रकाराने बऱ्याचदा तिथे मुद्दाम एखादा दचकलेला चेहरा किंवा दाराच्या कडीवरचा हात ठेवलेला असतो, आणि कशाला दचकला ते पान उलटल्यावरच दिसतं. जपानीत ह्या पान उलटण्याला मेकुरी म्हणतात, आणि चित्रकार त्याचा हिशेब आधीपासून मांडून ठेवतात. म्हणून पुढचं पान चाळून बघायची सवय असेल तर ती आधी सोडा. चौकटींच्या मधली जागा पांढऱ्याऐवजी काळी दिसली तर बहुतेक वेळा जुनी आठवण सुरू आहे असं समजायचं.

आता खरं सांगायचंय ते हे की एका बैठकीत वीस चॅप्टर संपवू नका. मंगा आधी साप्ताहिकात किंवा मासिकात येतो, पुस्तक नंतर होतं, त्या पुस्तकाला तांकोबोन म्हणतात. कोदान्शा प्रकाशनाचं शोनेन मॅगझिन आणि शोगाकुकान प्रकाशनाचं शोनेन संडे ही दोन्ही साप्ताहिकं एकाच दिवशी निघाली, 17 मार्च 1959. शुएइशा प्रकाशनाचं शोनेन जंप 1968 मध्ये आलं आणि 1990 च्या दशकाच्या मध्यात त्याच्या एका अंकाच्या 65 लाखांवर प्रती निघायच्या, एका आठवड्याच्या अंकाच्या! स्वस्त खरखरीत कागद, विटेसारखा जाड अंक, त्यात वीसेक मालिका, प्रत्येकीची साधारण वीस पानं, आणि वाचून झाला की थेट रद्दीत.

त्या अंकातच एक पोस्टकार्ड असायचं, वाचकाने आवडलेल्या तीन मालिका लिहून पाठवायच्या. मतं कमी पडली की मालिका अंकाच्या मागच्या पानांत ढकलली जाते आणि दहा-वीस आठवड्यांत बंद सुद्धा होते, मग चित्रकार कितीही मोठा असो. आणि त्या माणसाकडे वेळ किती, तर एक आठवडा. आधी पेन्सिलने कच्चा आराखडा, त्याला ते नेमु म्हणतात, तो संपादक बघतो, इथे हा का रडला, हे पान का लांबलं असं विचारतो, आराखडा परत काढावा लागतो, मग कुठे शाई, आणि मागची घरं, गर्दी, झाडं सहाय्यक काढतात. एवढं करून शेवटचं पान असं पाहिजे की पोरगं पुढच्या सोमवारी दुकानात आलंच पाहिजे.

हे कळलं की बऱ्याच तक्रारी आपोआप मिटतात. हिरो तेच तेच परत का सांगतो? कारण मूळ वाचकाला आधीचा चॅप्टर वाचून आठवडा झालेला असायचा. भाचीला मी रोज रात्री जेवणानंतर एकच चॅप्टर असा नियम घालून दिला, पहिले दोन दिवस कुरकुरली, तिसऱ्या दिवशी पुढे काय होईल ते स्वतःच वहीत काढून बसली. मला फार आनंद झाला तेव्हा.

निवडताना मालिका कुठल्या मासिकातली आहे ते बघा. शोनेन म्हणजे मुलांसाठी, शोजो मुलींसाठी, सेइनेन आणि जोसेइ मोठ्यांसाठी. ही मासिकांची वर्गवारी आहे, वाचायला बंदी कोणालाच नाही, पण घरात लहान पोरं असतील तर सेइनेन आधी स्वतः चाळा. आणि मोठ्या माणसाला सुरुवात करायची असेल तर मी डोळे झाकून ओसामू तेझुका ह्या चित्रकाराचा 'बुद्ध' हा मंगा सांगेन, 1972 ते 1983 ह्या काळात काढलेला. पांडवलेणी चढून त्या थंड विहारात बसलेल्या नाशिककराला तर तो जास्तच भिडेल.

ह्याच तेझुकाच्या 'ॲस्ट्रो बॉय' मंगावरून 1963 मध्ये टीव्ही मालिका सुरू झाली, आणि मासिक, मग पुस्तक, मग टीव्ही, मग खेळणी ही साखळी तेव्हापासून पक्की होत गेली. आपल्या घरात हिंदी बोलणारा डोरेमॉन त्याच साखळीतून आलाय, तो मुळात शोगाकुकानच्या मुलांच्या मासिकांतला. बेसबॉलवरचा एक जुना मंगा तर 2012 मध्ये 'सूरज' नावाने मुंबईतल्या क्रिकेटवर बेतून आपल्याकडे टीव्हीवर आला होता.

घेताना एक सांभाळा. मी एकदा स्वस्तात मिळतोय म्हणून रस्त्यावरून पूर्ण सेट उचलला, घरी येऊन बघतो तर आतल्या कडेचे संवाद बाइंडिंगमध्ये गिळलेले आणि सावलीचे बारीक ठिपके, ज्याला स्क्रीनटोन म्हणतात, ते लाटांसारखे फिसकटलेले. चोरून स्कॅन करून छापलेली प्रत अशी ओळखायची, राखाडी भाग डोळ्याजवळ धरा, ठिपके सुटे सुटे दिसले पाहिजेत. फुकट वाचायचं असेल तर शुएइशाचं मंगा प्लस ॲप आहे, त्यात बऱ्याच चालू मालिकांचे पहिले तीन आणि नवे तीन चॅप्टर फुकट मिळतात, इंग्रजीत.

खंड महाग वाटतात हे खरंय. आम्ही पाच घरांनी मिळून दिवाळी अंक योजनेसारखं केलंय, प्रत्येकाने एक खंड घ्यायचा आणि दर रविवारी गंगापूर रोडला चहाला भेटून बदलायचा. पुढचा खंड दुसऱ्याकडे असतो, त्यामुळे आठवडाभर वाट बघावीच लागते.