टाकी सायकल होईपर्यंत पिल्लू ॲक्सोलोटल टबात

टाकी सायकल होणं म्हणजे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणाऱ्या उपयोगी जिवाणूंची वसाहत तिच्यात जमणं. त्याला साधारण 4 ते 8 आठवडे लागतात. तोवर ॲक्सोलोटलच्या, म्हणजे पाण्यातच राहणाऱ्या कल्लेवाल्या उभयचराच्या, पिल्लाला टाकीत सोडू नका, विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाने त्याचे कल्ले भाजतात.

अन्नासाठी चालणारे, साबण कधीही न लागलेले 6-7 लिटरचे दोन प्लास्टिक टब घ्या. एकात पिल्लू, दुसऱ्यात उद्याचं पाणी: क्लोरिन काढणारं औषध बाटलीवरच्या मात्रेत घालून, त्याच खोलीत ठेवलेलं. त्यामुळे दोन्हींचं तापमान आपोआप जुळतं. रोज सगळं पाणी बदला. टबात फिल्टर नसतो, म्हणून एक दिवसही चुकवू नका. विष्ठा आणि उरलेलं अन्न दिसताच ड्रॉपरने काढा.

पाणी 16 ते 18 अंश हवं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हेच सर्वांत अवघड. दोन्ही टबांत गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवा आणि थर्मामीटर बघत राहा. सुटा बर्फ टाकू नका, तापमान झपकन पडतं. तळाला खडे नकोत, पिल्लू गिळतं. लपायला गुळगुळीत पाईपचा तुकडा पुरे. वर भोकं पाडलेलं झाकण हवंच, ही पिल्लं उडी मारतात.

कल्ले पुढे वळले, शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं, तर आधी पाणी तपासा.

टाकीत चाचणीसाठी घातलेला 2 पीपीएम (दहा लाख भागांत 2 भाग) अमोनिया 24 तासांत शून्यावर आला, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की मोठं पाणी बदलून, तापमान जुळवून मगच पिल्लू हलवा.